अपूर्ण खेळाची नियतकालिके

टेबलावरचा भूमिकाखेळ, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतला आरपीजी, हा मुख्यतः बोलून खेळायचा खेळ आहे. त्यात एक जण कल्पित जगाचा कारभार सांभाळतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन ते पात्र कोणत्या प्रसंगी काय करील हे सांगतात, आणि ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तिचा निकाल फाशावर लावला जातो. कारभार सांभाळणाऱ्याला खेळाडू डीएम म्हणतात. या लेखात त्याला सूत्रधार म्हटले आहे. या खेळात कोणी जिंकत नाही वा हरत नाही, डाव एका बैठकीत संपतोच असेही नाही, आणि एकाच गटाची एकच कथा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालू राहते. अशा खेळाचे नियमपुस्तक कितीही जाडजूड केले तरी ते पुरे पडत नाही, कारण खेळाडू उद्या कोणत्या दरीत उतरतील आणि कोणाशी तह करतील हे नियम लिहिणाऱ्याला आधी कळणे शक्य नसते. या उणिवेतूनच गेल्या अर्धशतकात भूमिकाखेळाच्या छापील नियतकालिकांची एक मोठी परंपरा उभी राहिली. एखाद्या छंदाच्या मासिकाने त्या छंदाच्या बातम्या द्याव्यात ही सामान्य रीत झाली. इथे मात्र खेळाचा मोठा भाग मासिकांच्या पानांवरच घडला, आणि म्हणून त्यांचा इतिहास हा त्या खेळाच्या रचनेचाही इतिहास आहे.

या परंपरेची मुळे युद्धखेळात, म्हणजे नकाशावर वा मांडलेल्या भूभागावर सैन्यांच्या हालचाली करून लढाईचा सराव करण्याच्या खेळात आहेत. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये असा खेळ वरिष्ठांपुढे मांडला, तेव्हा सेनाप्रमुख फॉन म्युफ्लिंग याने त्याची शिफारस केली ती एका लष्करी साप्ताहिकातूनच. त्या खेळात दोन्ही बाजूंच्या हालचाली ऐकून निर्णय देणारा एक पंच असे, आणि भूमिकाखेळातला सूत्रधार हा त्या पंचाचाच वंशज होय. पुढे अमेरिकेत युद्धखेळ घराघरांत गेला. १९६४ मध्ये बाल्टिमोरच्या अ‍ॅव्हलॉन हिल या कंपनीने द जनरल हे नियतकालिक काढले आणि त्यात प्रतिस्पर्धी हवा असणाऱ्यांसाठी छोट्या जाहिरातींची सोय केली, त्यामुळे गावात एकटाच पडलेला खेळाडू टपालाने दुसऱ्याशी जोडला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी जॉन बोर्डमन यांनी ग्राउस्टार्क नावाचे सायक्लोस्टाइल पत्रक सुरू केले होते. डिप्लोमसी या खेळाचे टपालाने चाललेले डाव त्यात छापले जात, आणि खेळाडू आपापल्या देशांच्या नावाने खलिते व अफवाही त्यातून प्रसिद्ध करत. दुसऱ्याच कोणाच्या तोंडून बोलण्याची ही सवय कागदावर आधी लागली आणि टेबलावर नंतर आली, असे म्हणण्याला बराच आधार आहे.

डेव्ह आर्नेसन हे मिनिआपोलिस–सेंट पॉल या जुळ्या शहरांतल्या एका युद्धखेळ गटाचे सदस्य. त्यांनी ब्लॅकमूर नावाचे काल्पनिक राज्य रचून आपल्या मित्रांना त्यात एकेका व्यक्तीच्या भूमिकेत उतरवले, आणि या राज्याचे वर्णन १९७२ मध्ये डूम्सडे बुक या मध्ययुगीन युद्धखेळांच्या हौशी पत्रकात आले. त्या पत्रकाच्या मंडळात गॅरी गायगॅक्स होते. दोघांच्या सहकार्यातून तयार झालेला डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ जानेवारी १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून प्रसिद्ध झाला. तीन पातळ पुस्तिका आणि लाकडासारखा दिसणारा खोका असे त्याचे रूप होते, पहिल्या आवृत्तीच्या प्रती एक हजार होत्या, आणि नियमांत जागोजाग मोकळी भगदाडे होती. शेवटच्या पानांवर कर्त्यांनी खेळाडूंना उरलेले जग आपल्या कल्पनेने भरून काढायला सुचवले होते. खेळाडूंनी ती सूचना मनावर घेतली आणि प्रश्नांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला.

या पत्रांना एकेकटे उत्तर देणे अशक्य होते. १९७५ च्या वसंतात टीएसआर या गायगॅक्स यांच्या कंपनीने द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू हे मोजक्या पानांचे वार्तापत्र काढले. त्याच्या पहिल्याच अंकात माइंड फ्लेयर हा, तोंडाभोवती सोंडा असलेला आणि बळीचा मेंदू खाणारा राक्षस अवतरला, आणि सूत्रधाराशिवाय एकट्याने भुयार हिंडण्याचे कोष्टकही त्यात होते. दुसऱ्या अंकात जो फिशर या वाचकाने रेंजर, म्हणजे रानावनात वावरणारा माग काढणारा योद्धा, हा पात्रप्रकार पाठवला. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या या खेळात रेंजर हा मूळ पात्रप्रकारांपैकी एक मानला जातो, परंतु तो आला तो मासिकाच्या टपालातून. एप्रिल १९७६ पर्यंत सात अंक निघाले आणि त्या वर्षीच्या जून महिन्यात टिम कास्क यांच्या संपादनाखाली द ड्रॅगन हे स्वतंत्र मासिक सुरू झाले, जे छापील रूपात ३१ वर्षे चालले.

खेळाचे नियम छापले गेले की तो गाव सोडून प्रवास करू लागतो, हे महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधायला घेतले, आणि पुढे ते ठरत गेले तसा अंगणातला खेळ स्पर्धेचा झाला. परंतु खो-खोचे नियम लिहिण्यामागे वाद मिटवण्याचा हेतू होता. खुंटापासून पाटीपर्यंत सगळे एकदा ठरले की साताऱ्याचा संघ आणि सोलापूरचा संघ एकाच मैदानावर निर्धास्त उतरू शकतो. भूमिकाखेळाच्या मासिकात उलटी गती दिसते. तिथे प्रत्येक अंक नियमांत भर घालतो, आणि वाचणारा सूत्रधार त्यातले पटेल तेवढे उचलून बाकीचे सोडून देतो. त्यामुळे एका अंकात छापलेला नियम पुढच्या अंकात खोडला गेला तर कोणाची फसवणूक झाल्याची भावना होत नसे. द ड्रॅगनमध्ये १९७९ पासून सेज अ‍ॅडव्हाइस नावाचे शंकासमाधानाचे सदर चाले. एखाद्या मंत्राचा परिणाम पाण्याखाली होतो का, बुटक्या पात्राला लांब धनुष्य पेलते का, अशा प्रश्नांची उत्तरे त्यात अत्यंत गांभीर्याने दिलेली असत. ते गांभीर्य या खेळाच्या प्रकृतीला धरूनच आहे, कारण चार जणांनी मिळून मानलेले जग टिकवायचे तर त्यातल्या लहानशा गोष्टीचाही विचार करावा लागतो.

कंपनीच्या मासिकाला समांतर असा दुसरा प्रवाह हौशी प्रकाशनांचा होता, आणि वैचारिकदृष्ट्या तो अधिक श्रीमंत होता. लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड यांनी जून १९७५ मध्ये अलारम्स अँड एक्सकर्शन्स सुरू केले. विज्ञानकथांच्या रसिकमंडळांत आधीपासून रुळलेली एक पद्धत त्यांनी वापरली: प्रत्येक लेखक आपली पाने स्वतः टंकलिखित करून पाठवी, संपादिका ती न बदलता एकत्र बांधी, आणि तयार झालेला गठ्ठा सर्वांना टपालाने जाई. पुढच्या महिन्यात प्रत्येक जण आपल्या पानांत आदल्या अंकातल्या इतरांच्या पानांवर शेरे लिही, म्हणून एकेक अंक म्हणजे महिन्याच्या संथ लयीत चाललेली चर्चासभाच असे. सूत्रधाराने फासे लपवून टाकावेत की उघड, पात्राचा मृत्यू खेळाडूच्या संमतीशिवाय व्हावा का, कथा महत्त्वाची की डावपेच, असे आजही वादाचे असलेले प्रश्न त्या पानांत पहिल्या काही वर्षांतच खोलवर चर्चिले गेले. हे प्रकाशन सुमारे अर्धशतक चालले, आणि एका व्यक्तीच्या चिकाटीवर एवढा काळ तगलेले हौशी नियतकालिक कोणत्याही भाषेत दुर्मीळच म्हणावे लागेल.

या दोन प्रवाहांत संघर्ष होणे अटळ होते. गायगॅक्स यांनी १९७८ च्या सुमारास द ड्रॅगनमधून हौशी प्रकाशनांवर कडक टीका केली, आणि त्याच काळात, १९७७ ते १९७९ दरम्यान, त्यांनी अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स या नव्या, अधिक बंदिस्त नियमावलीचे तीन मुख्य ग्रंथ आणले. स्पर्धांसाठी आणि व्यापारासाठी एकसारखे नियम लागतात हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण टेबलावर बसलेल्या गटांनी ते ग्रंथ विकत घेतले आणि तरीही आपापल्या सोयीने बदलूनच वापरले; एवढ्या मोठ्या अधिकाराने सांगितलेली गोष्ट वाचकांनी इतक्या सहज वाकवावी यातच या खेळाचे सामर्थ्य दिसते.

इंग्लंडमध्ये हाच खेळ वेगळ्या वळणाने रुजला. इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक यांनी १९७५ मध्ये गेम्स वर्कशॉप ही कंपनी काढली, आउल अँड वीझल नावाचे साधे पत्रक चालवले, आणि १९७७ च्या जूनमध्ये लिव्हिंगस्टन यांच्या संपादनाखाली व्हाइट ड्वार्फ हे द्वैमासिक आणले. त्यातल्या फीन्ड फॅक्टरी या सदरात वाचकांनी रचलेले राक्षस छापले जात. प्रत्येकाचे बळ, चिलखत, चाल, हल्ल्याची रीत, बुद्धी आणि राहण्याची जागा असे ठरावीक तपशील द्यावे लागत, आणि त्यांतून निवडलेले राक्षस १९८१ मध्ये फीन्ड फोलिओ या अधिकृत ग्रंथात गेले. या सदरात गिथयांकी ही, माइंड फ्लेयरांच्या गुलामगिरीतून बंड करून सुटलेली योद्ध्यांची जमात १९७९ मध्ये आली. ती पाठवणारा चार्ल्स स्ट्रॉस तेव्हा शाळकरी वयाचा होता आणि पुढे तो नावाजलेला विज्ञानकथाकार झाला. संगणकावर खेळणाऱ्या आजच्या पिढीला बाल्डर्स गेट थ्री हा २०२३ चा खेळ माहीत असतो. त्यात माइंड फ्लेयर आहेत, गिथयांकी आहेत, आणि ते ज्या जगात वावरतात ते फरगॉटन रेल्म्स नावाचे जग एड ग्रीनवुड या कॅनडातल्या लेखकाने १९७९ पासून द ड्रॅगनमधल्या लेखांतून थोडेथोडे उघड केलेले आहे. प्रचंड भांडवलाच्या या खेळाचा पाया वाचकांनी टपालाने पाठवलेल्या पानांवर आहे, आणि त्या पानांचे श्रेय अधिक मोकळेपणाने दिले गेले पाहिजे.

ग्रीनवुड यांच्या लेखांची खुबी अशी की ते क्वचितच सरळ माहिती देत. त्यांच्या जगातला एखादा वृद्ध जादूगार एखाद्या ग्रंथाबद्दल किंवा दैत्याबद्दल बोलत आहे असा आव लेखाला असे, आणि माहिती कथेच्या ओघात येई. टीएसआरने त्या जगाचे हक्क घेऊन १९८७ मध्ये त्याचा संच काढला तेव्हा मासिकाच्या वाचकांना तो प्रदेश आधीच ओळखीचा झालेला होता. अशाच लेखनाचा दुसरा नमुना म्हणजे प्राण्याची जीवनरीत सांगणारी लेखमाला. तिची सुरुवात एप्रिल १९८३ च्या ७२ व्या अंकातल्या पिअर्सरवरील लेखाने झाली, आणि तो लेख मुळात ड्रॅगनलॉर्ड्स या ब्रिटिश हौशी पत्रकातून घेतलेला होता. पिअर्सर हा गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यासारखा दिसणारा, खालून कोणी गेले की अंगावर पडणारा जीव. नियमपुस्तकात त्याला दोन-चार ओळींपलीकडे जागा नव्हती. लेखकांनी मात्र तो गोगलगायीच्या कुळातला असावा असे धरून तो खालच्या चाहुलीचा अंदाज कसा घेतो, पडल्यावर परत वर कसा चढतो, त्याची पिल्ले कुठे वाढतात याचा निसर्गशास्त्रीय पद्धतीने विचार केला. हे वाचल्यावर सूत्रधाराच्या हाती एक आकडा न राहता एक गुहा येते: खाली पडलेली हाडे, भिंतीवरचा चिकट माग, आणि शहाण्या खेळाडूला सावध करील अशी प्रत्येक खूण.

१९८६ मध्ये डन्जन हे केवळ मोहिमा छापणारे दुसरे मासिक निघाले. मोहीम म्हणजे सूत्रधाराला एक-दोन बैठकींत खेळवता येईल असा तयार आराखडा, आणि तिची मांडणी हा छपाईचा एक स्वतंत्र प्रकार आहे. नकाशावर जागांना आकडे असतात आणि मजकूर त्या आकड्यांच्या क्रमाने लावलेला असतो. प्रत्येक जागेचा खेळाडूंना वाचून दाखवायचा भाग चौकटीत असतो आणि फक्त सूत्रधाराने जाणायचा भाग चौकटीबाहेर. मोहीम सलग वाचण्यासाठी नसतेच, कारण खेळाडू तिसऱ्या दालनातून एकदम अकराव्यात गेले तर सूत्रधाराला क्षणात ते पान सापडले पाहिजे. म्हणून चांगल्या मोहीमलेखकाला कथाकाराचा हात लागतो तितकीच कोशकाराची शिस्तही लागते.

ही मांडणी मराठी वाचकाला प्रत्यक्ष दिसावी म्हणून सिंहगड रस्त्यावरच्या धायरीचे उदाहरण सोयीचे आहे. २०१७ मध्ये पुणे महापालिकेत सामील झालेले हे गाव आता उंच इमारतींचे उपनगर झाले असले, तरी दिवाळीच्या आधी त्या इमारतींच्या आवारांत मुले विटा आणि गोणपाटावर माती लिंपून किल्ले रचतात, उतारावर हळीव पेरतात, तटावर मातीचे मावळे उभे करतात आणि सिंहासनावर महाराजांना बसवतात. भूभाग, बुरूज, वाटा आणि प्रमाणबद्ध पुतळे हे युद्धखेळाचे सगळे साहित्य इथे वर्षानुवर्षे तयार आहे. आणि त्याच आठवड्यात घरात दिवाळी अंक येतो, जो काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये मनोरंजनचा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची मराठी नियतकालिकांची सर्वांत जिवंत रीत आहे. एकाच सणातल्या या दोन गोष्टींची गाठ मात्र पडलेली नाही. मावळे मांडले जातात, पण पुढे ते काय करतात हे ठरवणारा नियम किंवा कथेचा आराखडा मुलांच्या हाती नसतो, आणि भाऊबीज उलटली की पुतळे खोक्यात परत जातात.

धायरीच्या पुढे खडकवासल्यावरून डोणजे आणि आतकरवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तोच किल्ला खऱ्या आकाराने उभा आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेलेला कोंढाणा, म्हणजे आजचा सिंहगड, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी कडा चढून घेतला आणि त्या लढाईत ते व किल्लेदार उदयभान दोघेही पडले, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मोहीमलेखकाची पहिली अडचण नेमकी हीच. खेळाडूला तानाजीची भूमिका दिली की शेवट आधीच ठरतो. तो बदलावा तर इतिहासाशी प्रतारणा होते आणि न बदलावा तर खेळ उरत नाही. जाणकार लेखक म्हणून इतिहासाने रिकामी ठेवलेली जागा शोधतो. उदाहरणार्थ, खेळाडूंनी गडाच्या घेऱ्यातली साधी माणसे व्हावे, आणि चढाईच्या काही रात्री आधी कल्याण दरवाजावरचा पहारा केव्हा बदलतो हे त्यांनी हेरून यावे, असा प्रसंग रचता येतो. ती माणसे कोण होती, परत आली की नाही, हे कोणत्याही बखरीत नाही, त्यामुळे फाशाला खराखुरा वाव मिळतो. आणि सभासद बखरीत गड घेतल्यावर पागेची खोपटी पेटवून राजगडावर खूण दिल्याचा जो उल्लेख आहे, तो वाचलेला लेखक ती पागा नकाशावर आधीच दाखवून ठेवील.

अशा मोहिमेतली एक नोंद उलगडून पाहता येईल. नकाशावर चार आकडा असलेली जागा म्हणजे डोणागिरीचा कडा. चौकटीत काळोख, वारा, हाताला लागणारा थंड काळा खडक आणि वरून ऐकू येणारे पहारेकऱ्याचे खोकणे एवढेच असेल. चौकटीबाहेर असे लिहिलेले असेल की चढणाऱ्याने वीस बाजूंचा फासा टाकावा, तेरा किंवा अधिक पडल्यास तो वर पोचतो, आणि दोर असल्यास फाशात पाच मिळवावेत. या दोन वाक्यांत बरेच गणित आहे. बिनदोराने वीसपैकी आठ शक्यता अनुकूल, म्हणजे शंभरात चाळीस. दोराने आठ पडले तरी पुरते, म्हणजे तेरा शक्यता, शंभरात पासष्ट. दोर मिळवण्यासाठी आधी गावात कोणाची तरी मनधरणी करणे किती मोलाचे आहे हे खेळाडूला न सांगता कळते, आणि कडा व गाव एका धाग्यात येतात. फासा चुकला तर पात्र दरीत पडून मरते असे लिहिणारा लेखक कच्चा समजावा. पक्का लेखक सांगेल की दगड निसटून खाली जातो, खोकणे थांबते आणि मशाल कड्याच्या टोकाशी येते. अपयशाने कथा थांबण्याऐवजी बिकट व्हावी हे तत्त्व भूमिकाखेळाच्या लेखनात हळूहळू मान्य झाले, आणि ते मुरण्यात मासिकांतल्या मोहिमांवर आलेल्या वाचकांच्या पत्रांचा मोठा वाटा आहे.

हा खेळ इंग्रजीबाहेर नेण्यातही नियतकालिकेच पुढे होती. फ्रान्समध्ये १९८० पासून कॅझस बेली निघू लागले. जपानमध्ये वेगळाच मार्ग सापडला: कॉम्प्टिक या संगणक-खेळांच्या मासिकात १९८६ पासून ग्रुप एसएनई या मंडळीने आपल्या प्रत्यक्ष बैठकींचे संवाद नाटकाच्या संहितेसारखे लिहून क्रमशः छापले. वाचकांना त्या संवादांतून खेळ कसा चालतो हे कळले, रिप्ले नावाचा एक वाङ्मयप्रकारच तिथे रूढ झाला, आणि सूत्रधार र्‍यो मिझुनो यांनी त्या कथेवर लोडोस युद्धाची कादंबरीमाला लिहिली. नियमपुस्तकाचे रूक्ष भाषांतर आधी करण्यापेक्षा खेळाडूंचे बोलणे आधी छापणे हा मार्ग मराठीलाही अधिक मानवेल असे वाटते, कारण नाटकाची संहिता वाचण्याची हौस मराठी वाचकात जुनी आहे आणि ज्या भाषेत पात्रे थट्टा करतात, घाबरतात आणि घासाघीस करतात ती भाषा नियमांच्या भाषेआधी सापडली पाहिजे.

अद्भुताची मराठी पुंजीही तोकडी नाही. लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे यांची मुक्तामाला १८६१ ची, नाथमाधवांचा वीरधवल विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. अनंत अंतरकरांनी नवलसारखे मासिक गूढ आणि अद्भुत कथांना वाहून दिले, आणि नारायण धारपांनी आपल्या भयकथांत समर्थ हे पात्र घेऊन अमानवी शक्तींशी लढण्याची एक सुसंगत रीत उभी केली. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे ही तर खेळाडूने उचलून घ्यावीत अशीच साहसी पात्रे. मराठीत या खेळाच्या मासिकांची परंपरा उभी राहिलेली नाही यामागे कल्पनेचा दुष्काळ खचितच नाही. नियमपुस्तके इंग्रजीत, फासे आणि पुस्तके महाग, आणि खेळाडू बहुधा इंग्रजीतूनच नियम बोलण्याला सरावलेले, अशी ती व्यावहारिक कारणे आहेत.

इंग्रजीतली मोठी मासिके मात्र भूमिकाखेळाची छापील मासिके म्हणून टिकली नाहीत. व्हाइट ड्वार्फ १९८० च्या दशकाअखेर गेम्स वर्कशॉपच्या स्वतःच्या पुतळ्यांच्या युद्धखेळांकडे वळले. १९९७ मध्ये टीएसआर विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेली, २००२ पासून ड्रॅगन आणि डन्जन ही दोन्ही मासिके पायझो ही कंपनी परवान्यावर काढू लागली, आणि परवाना न वाढवल्यामुळे सप्टेंबर २००७ मध्ये ड्रॅगनचा ३५९ वा आणि डन्जनचा १५० वा अंक हे शेवटचे छापील अंक ठरले. मासिक हातचे गेलेल्या पायझोने पाथफाइंडर नावाची दरमहा एक मोहीमपुस्तक देणारी माला त्याच ऑगस्टमध्ये सुरू केली होती, आणि २००९ मध्ये त्याच नावाचा स्वतंत्र भूमिकाखेळ काढून मूळ खेळाला टक्कर दिली. मासिक चालवताना जमलेले लेखक, चित्रकार आणि वर्गणीदार एवढ्या भांडवलावर एक नवा खेळ उभा राहिला, ही प्रकाशनाच्या इतिहासातली विलक्षण घटना आहे.

मोठ्या मासिकांनंतर छपाई पुन्हा हौशी माणसांकडे आली. २०१९ पासून किकस्टार्टर या वर्गणी गोळा करण्याच्या संकेतस्थळावर दर वर्षी छोट्या छापील भूमिकाखेळ-पत्रकांचा एक उपक्रम चालतो, आणि त्यातून निघणारी प्रकाशने बहुधा लहान आकाराची, मधोमध पिना मारलेली, थोड्या पानांची असतात. मराठीत असे पत्रक काढायचे तर डेमी आकाराचा सोळा पानांचा एक फॉर्म पुरतो. मधल्या जोडपानावर गडाचा नकाशा येतो, कारण पिना काढून तो टेबलावर पसरता येतो. चार पानांत साध्या सहा बाजूंच्या फाशांवर चालणारे नियम बसतात, म्हणजे वीस बाजूंचा फासा मागवावा लागत नाही. सहा पानांत एक मोहीम आणि दोन पानांत खेळलेल्या बैठकीचा संवाद. उरलेल्या दोन पानांवर मुखपृष्ठ आणि पत्ता येतो. पहिल्या अंकात पत्रव्यवहाराला जागा लागत नाही. दुसऱ्या अंकात मात्र ती मोहिमेच्याही आधी काढून ठेवावी लागेल, कारण पहिली मोहीम खेळून पाहिलेल्या गटांनी कड्याचा आकडा कुठे चुकला, पहारेकऱ्याला कोणी बोलण्यात गुंतवले आणि लेखकाला न सुचलेल्या कोणत्या वाटेने ते गडावर गेले, हे तोवर कळवलेले असेल.